तांदळाची साक्ष

"माणूस खोटं बोलेल, त्याची जीभ खोटं बोलेल, देवाच्या पायरीवर ठेवलेला हातसुद्धा खोटं बोलेल, पण हा अक्षत तांदूळ त्रैलोक्यात कधी खोटं बोलला नाही, बोलत नाही, बोलणार नाही!"

एवढी गर्जना करून सत्यानंद महाराजांनी डोळे मिटले. तेवढ्यात मुक्ताबाईच्या शेळीने परातीत तोंड घातलं आणि त्रैलोक्यातले निदान दोन मुठी साक्षीदार खाऊन टाकले.

"अगं मुक्ते, शेळी आवर!" पाटील ओरडले.

महाराजांनी एक डोळा उघडला, परात पाहिली, आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "भैरवनाथानं प्रसाद घेतला!"

"भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" देवळापुढचं सारं पटांगण दुमदुमलं. मुक्ताबाईने शेळीला आधी रट्टा घातला होता, आता तिने शेळीच्या पाया पडून घेतलं.

गर्दीच्या कडेला शाळेचे अंबाजी मास्तर उभे होते. त्यांनी भैरवनाथाला शिंगं असल्याचं आजवर ऐकलं नव्हतं. पण ते गप्प राहिले. गावात मास्तरांनी बोलायचं ते शाळेत, असा एक अलिखित नियम होता आणि शाळेत मुलं ऐकत नसत.

उंबरटेप हे गाव असं वसलेलं की लोणावळा डोळ्यांना दिसायचं, पायांना मिळायचं नाही. मधे काळा ओढा होता. उन्हाळ्यात त्यातून कोंबडी चालत जाई आणि आषाढात हत्ती वाहून गेला असता. हत्ती कधी आला नाही, माणसं गेली. तिकडे गाडीची शिटी ऐकू यायची, स्टेशनाचे दिवे दिसायचे, दवाखानाही तिकडेच, आणि इकडे तापाने फणफणलेलं माणूस घोंगडीत गुंडाळून ओढा उतरायची वाट बघत पडायचं. त्या वर्षी तालुका लोकल बोर्डाची निवडणूक लागली तेव्हा गावाला ओढा ओलांडायला एकच गोष्ट हवी होती. साकव.

उमेदवार दोन, दोघेही याच गावचे. एक कोंडाजी. पन्नाशीचा, अंगाने काटक, बोलायला उभा राहिला की चार शब्दांत संपणारा. "निवडून दिलं तर साकव बांदून घीन," एवढंच त्याचं भाषण. दुसरे हौशीरामशेठ. लोणावळ्याला बंगल्यांची कंत्राटं घेऊन मोठे झालेले, मोटारवाले. त्यांनी साकव कबूल केला, विहीर कबूल केली, सडक कबूल केली, आणि जाताना पोरांना गुडदाणी वाटली.

आता आली पंचाईत. पारावर पाटील, म्हणजे रखमाजी पाटील, डोकं खाजवत म्हणाले, "साकव तर दोगंबी म्हंत्यात. खरा कोन आन् खोटा कोन, ह्ये कसं वळकायचं?"

"तोंडाकडं बघून कळतंय व्हय?" कोणी म्हणालं.

"तोंडाकडं बघूनच कळतं," हौशीरामशेठ हसून म्हणाले. "त्याचे जाणकार आहेत माझ्या माहितीत."

आणि दोन दिवसांनी जाणकार आले. शेठच्याच मोटारीतून आले, शेठच्याच वाडीवर उतरले, शेठच्याच गाईचं दूध प्यायले. पण भगवी कफनी अंगावर असली की माणूस कुणाच्या मोटारीतून उतरला हे आपल्याकडे बघायची रीत नाही.

महाराजांची परीक्षा सोपी होती. दोघा उमेदवारांनी आदल्या संध्याकाळपासून निर्जळी उपास धरायचा. भर दुपारी देवापुढे आपलं वचन बोलायचं आणि चिमूटभर कोरडे तांदूळ चावून पानावर थुंकायचे. खऱ्याचा तांदूळ ओला पडेल, खोट्याचा कोरडा. शिवाय देवाची आण घ्यायची, की ज्याच्या बाजूने कौल पडेल त्यालाच दुसऱ्यानेही आपलं मत द्यायचं.

"उपास पाळला का न्हाई त्ये कोन बघनार?" मुक्ताबाईने विचारलं होतं. ती गावातली एकटी बाई जिला प्रश्न पडत.

"माई, देव बघतोय ना! देवावर पहारेकरी नेमायचा का?" महाराज म्हणाले, आणि मुक्ताबाईलाच लाज वाटली.

मतदानाचा हक्क होता सारा भरणाऱ्या मोजक्या पुरुषांना. उत्साह साऱ्या गावाला. शेजारच्या वाड्यांवरून, पार वलवणकडून माणसं आली होती. कोंडाजी पहाटेपासून गाभाऱ्यात धुपाच्या धुरात बसून होता. शेठ मात्र उपास करायला लोणावळ्याला थांबले होते. ते ऐन वेळी मोटारीने ओढ्यापर्यंत आणि तिथून छत्रीखाली चालत आले.

आधी शेठ. त्यांनी खणखणीत आवाजात वचन सांगितलं, तांदूळ तोंडात टाकले, महाराजांचा मंत्र संपेपर्यंत विडा चघळावा तसे चावले आणि पळसाच्या पानावर टाकले. ओलाचिंब लगदा. महाराजांनी पान उंच धरलं.

"बघा! सत्य पाझरतंय! हा पाझर पोटातून येतो, पोट साफ असेल तर!"

मग कोंडाजी आला. चैत्राचं ऊन, धुराने लाल झालेले डोळे, आणि समोर सारा गाव. "साकव बांदून…" एवढं म्हणताना त्याचा आवाज चिरकला. त्याने तांदूळ तोंडात टाकले. जबडा हलत होता, मान ताठली होती, घशातून काही उतरत नव्हतं आणि काही वर येत नव्हतं. शेवटी तो थुंकला. पानावर पांढरी भुकटी पडली, आणि वाऱ्याची झुळूक आली तशी ती उडून त्याच्याच मिशीवर बसली.

मग मागून कोणीतरी हसलं, आणि मग पटांगणच हसलं.

मास्तर पुढे झाले. "महाराज, एकदा पुन्हा घ्या. आधी त्यांना पाणी द्या, मग—"

"मास्तर," महाराज गोड हसले, "तांदूळ म्हणजे शाळेची परीक्षा नव्हे, नापासाला दुसऱ्यांदा बसवायला!"

पुन्हा हशा. हशा ज्याच्या बाजूने, न्याय त्याच्या बाजूने. कोंडाजी मिशी पुसायचंही विसरून तसाच घरी गेला.

मास्तरांनी परातीतले चिमूटभर तांदूळ खिशात घातले होते. त्यात काहीतरी कालवलेलं असणार याची त्यांना खात्री होती. ते घरी बसून चावू लागले. सकाळी चावले, जेवण झाल्यावर चावले, देवाचं नाव घेऊन आणि न घेता चावले. तांदूळ साधा होता, जरा किडका.

"कच्चेच खानार आसाल तर चूल कशापायी पेटवू?" त्यांची बायको कस्तुराबाई म्हणाली.

"अगं, शास्त्रीय प्रयोग आहे हा."

"प्रयोगाला दाण्याचं कूट टाकते वाईच. चव तरी येईल."

दोन दिवसांनी मास्तर कोंडाजीकडे गेले. तो ओसरीवर घायपाताचे तंतू मांडीवर वळत बसला होता. दोर वळायचं त्याचं काम या दिवसांत दरसालचंच. मिरगाआधी ओढ्याच्या दोन्ही काठांच्या उंबरांना तो आडवा दोर बांधायचा. गुडघाभर पाणी असेतो पोरं तो धरून ओढ्यापलीकडच्या शाळेत येत, बायका तो धरून दूध घेऊन जात. हे इतकी वर्षं चाललं होतं की तो दोर कुणी बांधतं हेच गाव विसरलं होतं. ओढ्याला काठ असतात तसा दोर असतो, एवढंच.

"कोंडाजी, त्या परीक्षेत काहीतरी लबाडी आहे. मी शोधून काढतो."

"नका शोदू, मास्तर." तो वर न बघता म्हणाला. "तांदूळ खरंच बोललं."

"म्हणजे?"

त्याने दोन तंतू एकत्र पिळले. मग तो म्हणाला, "माजी बायकू सरू गेली त्या साली ओढा उतरंना. तिला लय ताप. ती सारकी पुसायची, डाक्तर आला का. म्या म्हनायचो, आलाय, पल्याडच्या काटाला हुबा हाय, पानी उतरलं की येतुया. कुटला डाक्तर आन् काय? कुनी सांगायलाच गेलं न्हवतं, जानार कसं? मरस्तवर ती त्या काटाकडं कान लावून व्हती. 'त्यो वला झाला आसंल वो,' म्हनली, 'भिजू नगा म्हनावं.'" त्याने दोराला गाठ मारली. "आयुष्यात येवडंच खोटं बोललो. भैरवनाथानं बराबर पकडलं."

फसवलेल्या माणसाला सोडवता येतं. पण ज्याने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला स्वतःच पुरावा शोधून आणला, त्याला कसं सोडवायचं? मास्तर त्याच्याशेजारी तंतू वळायला बसले आणि घायपाताचा काटा बोटात घुसवून घेऊन घरी आले.

उत्तर त्यांना सापडलं ते पुढच्या आठवड्यात, आणि सापडलं म्हणण्यापेक्षा ते त्यांच्या तोंडातच निघालं. शाळा तपासायला डिपोटी साहेब आले. साहेबांनी खुर्चीत बसून सोन्याच्या काड्यांचा चष्मा वर केला आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या शाळेतल्या वर्गांची नावं सांगा पाहू."

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. यात लबाडी करायला जागाच नव्हती. मास्तरांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. घशात वाळवंट. "प… प…" एवढंच बाहेर आलं.

आणि तिथेच, डिपोटी साहेबांच्या समोर, नोकरी पणाला लागलेली असताना, अंबाजी मास्तर एकदम खुशीत हसले. साहेबांनी शेऱ्यात 'शिक्षकाची प्रकृती तपासावी' असं लिहिलं.

साहेब जाताच मास्तरांनी प्रयोगासाठी आणलेला तांदळाचा डबा उघडला आणि पोरांना चिमूट चिमूट तांदूळ दिले. "काल फळ्याचा पाय कुणी मोडला? ज्याचा तांदूळ कोरडा, त्याला छड्या!" फळ्याचा पाय बजरंगने मोडला होता हे बजरंगसकट सर्वांना माहीत होतं. बजरंगच्या तोंडातून रसाळ लगदा पडला. आणि शाळेत ज्याने आजवर माशीही मारली नव्हती तो शिदू थरथरत थुंकला; नुसतं पीठ. तो रडायला लागला, तेव्हा मास्तरांनी त्याला जवळ घेतलं आणि तांदळाचा डबा कायमचा बंद केला.

भीती! तांदूळ खोटं ओळखत नव्हता, भीती ओळखत होता. आणि भीती कुणाला? ज्याला देवाची चाड आहे त्याला.

उरलेला अर्धा भाग लोणावळ्यात मिळाला. स्टेशनाबाहेरच्या सोड्याच्या दुकानाशी शेठची मोटार चालवणारा गेणू भेटला. मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तरांनी सहज विचारलं, "काय गेणू, शेठना उपासाचा त्रास नाही ना झाला त्या दिवशी?"

"छ्या! आमचं शेठ म्हंजी वाघ!" गेणू अभिमानाने म्हणाला. "त्या दिशी हितंच आमी थांबलो. दोन बाटल्या लेमन, वरून चिंचंची गोळी. महाराज सवताच म्हनलं, चिंच गालात ठिवा, लेमन उपासाला चालतंया!"

"आणि कोंडाजीला चाललं नाही ते?"

"त्येला कोन पाजनार?" गेणू हसला, आणि मग मास्तरांचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "मास्तर… मंग ती परीक्षा…"

"घरी जा, गेणू. आणि परवा देवळात ये."

मतदानाच्या आदल्या दिवशी महाराज पुन्हा देवळात दर्शन द्यायला बसले होते. मास्तर गर्दीतून सरळ पुढे गेले. हातात तांब्या, कमरेला तांदळाची पुरचुंडी.

"महाराज, माझीही परीक्षा घ्या."

महाराज नाही म्हणायच्या आत मास्तरांनी तांब्यातलं आमसुलाचं पाणी घटघटा पिऊन टाकलं, तांदूळ तोंडात भरले आणि तोंडाला येईल ते बोलू लागले. "मी विलायतेचा बादशहा आहे! मला पोहता येतं! बजरंग शाळेत पहिला येतो! आणि माझी बायको मला भिते!"

"भिते म्हनं!" मागून कस्तुराबाईचा आवाज आला आणि देऊळ हसून हसून लोळलं. मास्तर थुंकले. पानावर ओलाचिंब लगदा.

"बघा, सत्य पाझरतंय!" मास्तर म्हणाले.

हसू थांबलं. मास्तर महाराजांकडे वळले. "आता आपण. आपण तर सत्याचे सागर. घ्या चिमूटभर. आणि हो, घाई नाही, पण लोणावळ्याचे फौजदार ओढ्यापाशी पोचलेत. सत्यानंद नावाच्या कुणाचीतरी चौकशी करत होते."

ही शुद्ध थाप होती, आणि मास्तरांनी ती अगदी ओल्या तोंडाने मारली. महाराजांना उठताही येईना. गावाने कोंडाळं केलं होतं. पाटलांनी स्वतः परात पुढे केली. महाराज चावू लागले. चावता चावता डोळे ओढ्याच्या वाटेकडे. मुक्ताबाई पुढे येऊन वाकून बघत होती. महाराजांच्या ओठांतून अखेर जे पडलं ते पडलं नाहीच. उडालं. पांढरं पीठ, थेट कफनीवर.

"आगं बया! ह्यो तर कोंडाजीपरीस खोटा निगाला!" मुक्ताबाई म्हणाली.

मग गेणू उभा राहिला. मान खाली घालून त्याने लेमनचं सांगितलं, चिंचेच्या गोळीचं सांगितलं. मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका. उपास दोघांना सांगितला. ज्याने तो पाळला त्याचं तोंड कोरडं पडलं. ज्याने मोडला त्याचं ओलं राहिलं. ज्याला देवाचं भय, त्याचं आणखी कोरडं. म्हणजे ही परीक्षा अशी की खरा माणूसच नापास व्हावा! आणि आपण हसलो."

सगळे कोंडाजीकडे बघू लागले. पाटलांनी फेटा काढून त्याच्यापुढे धरला. "कोंडाजी, चुकलं गावाचं. उद्या सारी मतं तुला."

"पटलं ना आता?" मास्तरांनी त्याला विचारलं.

"पटलं," कोंडाजी म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "पर त्ये खोटं तर म्या बोललो व्हतोच की."

या गडबडीत महाराज मागच्या दाराने सटकले. फौजदार आलेच नव्हते, त्यामुळे महाराजांना अडवायलाही कोणी नव्हतं. थापेत हा एक दोष असतो.

उंबरटेपने दुसऱ्या दिवशी खरोखर मतं कोंडाजीला दिली. वाचता न येणाऱ्यांसाठी पेट्यांना रंग दिले होते. कोंडाजीची पिवळी, शेठची तांबडी. पण मतदारसंघ म्हणजे काही एकटं उंबरटेप नव्हे. त्या दुपारी आजूबाजूच्या गावांची जी माणसं देवळात होती ती तांदळाचा चमत्कार घेऊन केव्हाच घरी गेली होती, आणि तो तिथल्या चुलींपर्यंत पोचला होता. चमत्कार सांगायला दोन वाक्यं लागतात. त्याचा उलगडा सांगायला लेमन, चिंच, डिपोटी साहेब आणि एक मास्तर लागतो. मास्तर एकटेच होते. ते मतदानाच्या सकाळी दोन गावं पायी फिरले. तिसऱ्या गावात त्यांना लोक म्हणाले, "ज्याच्या तोंडातून पीठ निघालं, त्योच ना कोंडाजी?"

हौशीरामशेठ निवडून आले. मिरवणूक लोणावळ्यात निघाली. ओढ्याच्या अलीकडे काही ती आली नाही. उतरायला साकव नव्हता ना.

मिरगाच्या तोंडावर एका संध्याकाळी मास्तर ओढ्याकडे गेले. ढग खंडाळ्याच्या बाजूने भरून येत होते. पाटील, मुक्ताबाई आणि पाच-सात माणसं काठावर उगीचच उभी होती. कोणाला कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पलीकडच्या काठावरच्या उंबराला दोराचं एक टोक बांधून झालं होतं, आणि दुसरं टोक खांद्यावर घेऊन कोंडाजी दगडांवरून अलीकडे येत होता.

"तुझं मत तरी पिवळ्या पेटीत पडलं का रे?" पाटलांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"न्हाई. तांबडीत."

"आरं पर का? लबाडी उघडी पडली व्हती की!"

"देवाची आन घेतली व्हती, पाटील. लबाडी त्येंची व्हती. आन माजी."

शेठनी, तांदूळ उलटा पडला असता तर, आपलं मत कोंडाजीला दिलं असतं का, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. मास्तरांना मात्र राहवेना. ते एका दगडावर चढले. आयुष्यात पहिल्यांदाच ते शाळेबाहेर भाषण करत होते, आणि आवाज भरून आला तरी थांबले नाहीत.

"बघा! हा दोर बघा! इतकी वर्षं तुमची पोरं हा धरून शाळेत आली. तुमच्या लेकी हा धरून माहेरी आल्या. हा बांधायला कुणी सांगितलं होतं? तेव्हा कुठली निवडणूक होती? सरूवहिनी गेल्या त्याच्या पुढल्या वर्षापासून हा माणूस हा दोर बांधतोय, आणि खरा कोण ते ओळखायला आपल्याला तांदूळ लागले! महाराज लागले! अरे, माणूस मत मागायला येतो तेव्हा त्याच्या तोंडात काय आहे ते बघू नका. मत मागायच्या आधीची दहा वर्षं त्याचे हात काय करत होते ते बघा. त्याला ना मंत्र लागतो, ना उपास, ना धूप. डोळे लागतात, आणि ते तर भैरवनाथाने तुम्हाला फुकट दिलेत! एवढं एकच वचन मला द्या, की यापुढे—"

पाटलांनी डोळ्यांना फेट्याचं टोक लावलं. मुक्ताबाई हुंदका देऊ लागली. पलीकडे डोंगरावर गडगडलं.

कोंडाजी काठावर चढून आला. दोराच्या ओझ्याने त्याचा खांदा वाकला होता. त्याने भाषण किती ऐकलं कोण जाणे. तो मास्तरांच्या दगडापाशी येऊन अदबीने उभा राहिला, आणि वाक्य संपेल म्हणून वाट पाहून पाहून शेवटी म्हणाला,

"मास्तर, बोलून झालं आसंल तर ह्ये टोक वाईच धरता का? मला गाठ मारायची हाय."